शेवटच्या पंगतीला कोणाला थांबवतो? सगळ्यांची काळजी घेणाऱ्या माणसाचं प्रेम ओळखताना

पंगतीत वाढणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पानापाशी वाकतो, वरणभातावर तूप सोडतो, जिलबीचा आग्रह ओळखीच्याला करतो तसाच अनोळख्यालाही करतो. त्याच्या वाढण्यावरून त्याचा जीव कोणात अडकलाय हे सांगता येत नाही. पण पंगत बसायच्या आधी तो एखाद्या व्यक्तीला हळूच बाजूला घेतो आणि म्हणतो, "तू आत्ता बसू नकोस, माझ्याबरोबर शेवटच्या पंगतीला बस." काय ते तिथे कळतं.

माझ्या नवऱ्याच्या बाबतीत हे कळायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. हिंजवडीला आम्ही एकाच ऑफिसात होतो. साताऱ्याला घरी जाऊन आला की आमच्या सगळ्या मजल्यासाठी कंदी पेढे. नवीन आलेल्या मुलीला पीजी शोधून देणार हाच, कोणाची गाडी पावसात बंद पडली की मेकॅनिकला फोन करणार हाच. मला ताप आला तेव्हा त्याने मऊभात आणि मेतकूट पाठवलं. मी मनात म्हटलं, हा सगळ्यांनाच पाठवतो. आणि तो खरंच सगळ्यांना पाठवायचा. मग एका शुक्रवारी त्याने विचारलं, "आईच्या साठीला साडी घ्यायचीय, मला रंगातलं काही कळत नाही. उद्या लक्ष्मी रस्त्याला येशील माझ्याबरोबर?" दोन वर्षांत त्याने कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

हा लेख अशा माणसाबद्दल आहे, आणि ज्यांच्या आयुष्यात असा कोणी नुकताच आलाय त्यांच्यासाठी आहे. त्याच्या वागण्यात प्रेम आहे की नुसता स्वभाव, या प्रश्नाने रात्री जागणारे कितीतरी जण मला माहीत आहेत. मी कधी 'तो' लिहीन, कधी 'ती'. सगळं दोन्हीकडे लागू आहे.

पायरी १ : हा स्वभाव नीट समजून घ्या

आपल्याकडे अशा माणसाला लाघवी म्हणतात, मनमिळाऊ म्हणतात, 'माणसं जोडणारा' म्हणतात. इंटरनेटवर व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या देणारी पिढी त्यालाच 'ईएसएफजे' म्हणते. डेटिंग अ‍ॅपवर कोणाच्या माहितीत ही चार अक्षरं दिसली तर ती कुठून आली हे ठाऊक असावं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांची मांडणी केली. त्या मांडणीवरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी एक पद्धत रचली. प्रश्नावली तयार करायचं काम इसाबेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाती घेतलं. स्वभावाच्या परस्परविरुद्ध बाजूंच्या चार जोड्या, प्रत्येकीतून एक बाजू, असे एकूण सोळा प्रकार.

ईएसएफजेमधलं पहिलं अक्षर सांगतं की या माणसाला माणसांत राहून तरतरी येते. दुसरं सांगतं की त्याचं लक्ष हवेतल्या कल्पनांपेक्षा समोरच्या ठोस गोष्टींकडे असतं. तिसऱ्याचा अर्थ, निर्णय घेताना कोणाला काय वाटेल हे तो आधी बघतो. चौथ्याचा अर्थ, त्याला आखणी आवडते, अधांतरी राहिलेलं सहन होत नाही. डेव्हिड कीर्सी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराला 'पुरवणारा' अशा अर्थाचं नाव दिलं आणि ते मला फार समर्पक वाटतं.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. ही प्रश्नावली म्हणजे रक्ताची तपासणी नाही. काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, आणि संशोधक माणसांचे असे कप्पे करण्यापेक्षा प्रत्येक गुण कमीजास्त प्रमाणात मोजणं पसंत करतात. तेव्हा चार अक्षरं जुळली म्हणून स्वप्नं रंगवू नका आणि जुळली नाहीत म्हणून माणूस सोडू नका. मी हे नाव फक्त एका ओळखीच्या स्वभावाचं लेबल म्हणून वापरते आहे.

या पद्धतीतला एक विचार मात्र मला प्रत्यक्षात फार खरा वाटला. अशा माणसाला इतरांच्या मनातलं चटकन कळतं, पण एकट्याने बसून स्वतःच्या मनाची छाननी करणं त्याला सगळ्यात जड जातं. म्हणून आपण प्रेमात पडलोय हे खुद्द त्यालाच बरेच दिवस कळलेलं नसतं. तो नुसता जास्त डबे आणायला लागतो.

पायरी २ : सगळ्यांच्या वाटचं आधी बाजूला काढा

नवखे लोक इथेच चुकतात. तिने तीन दिवस सलग "जेवलास का?" विचारलं आणि गडी हवेत. मराठी घरात वाढलेली लाघवी मुलगी "जेवलास का?" हे वॉचमनकाकांनाही विचारते. "पोचल्यावर मेसेज कर" हे ती ट्रेकला आलेल्या पंधराच्या पंधरा जणांना सांगते आणि पंधराही मेसेज येईपर्यंत झोपत नाही.

म्हणून एक साधं काम करा. दोन-तीन आठवडे तिचं वागणं नुसतं बघा, आणि ते तुमच्याशी असलेलं नाही, इतरांशी असलेलं. ढोल-ताशा पथकात असाल तर सरावाला ती कोणाकोणाला ढोल कमरेला बांधून देते, कोणाच्या सोललेल्या बोटांना चिकटपट्टी लावते, घरी सोडायला कोणाकोणाला गाडीवर घेते. ऑफिसात असाल तर वाढदिवसाच्या केकची वर्गणी, आजारी माणसाची चौकशी, "आज छान दिसतोयस" हे शेरे. जे जे सगळ्यांना मिळतं ते मनातल्या मनात एका बाजूला काढून ठेवा. ते खोटं नाही, ती माया खरीच आहे, पण ती तुमच्या एकट्याची नाही.

हे काम मुलग्यांनी तर करावंच. १९८२ साली अमेरिकेत अँटोनिया अ‍ॅबी यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक मुलगा आणि एक मुलगी पाच मिनिटं गप्पा मारणार, आणि दुसरा एक मुलगा व एक मुलगी ते लपून बघणार. तोच संवाद, पण बोलणाऱ्या मुलीच्या साध्या मोकळेपणात मुलग्यांना लैंगिक सूचकता मुलींपेक्षा जास्त दिसली. बोलणाऱ्याला दिसली आणि नुसतं बघणाऱ्यालाही दिसली. लाघवी मुलींना हा त्रास जन्मभर होतो. कॉलेजात माझी एक मैत्रीण होती, वर्गातल्या प्रत्येकाला नोट्स द्यायची. तीन मुलांनी तिला 'तूच तसे इशारे दिलेस' असं सुनावलं. शेवटी तिने नोट्स देणं बंद केलं, आणि तिचा तो उघडा, हसरा चेहरा पुढची दोन वर्षं मला दिसला नाही. तुमच्या घाईमुळे कोणाच्या चांगुलपणाला असं कुलूप लागू नये.

उलट चूकही तितकीच होते, ती माझी. सगळंच 'स्वभाव आहे त्याचा' म्हणून सोडून द्यायचं.

पायरी ३ : आता फरक शोधा

पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, तो तुमच्याकडे काही मागतो का. देणाऱ्या माणसाला मागणं अवघड जातं. कोणाला आपल्यामुळे त्रास होऊ नये यावर त्याचं सगळं जगणं उभं असतं. तो जेव्हा तुम्हाला म्हणतो, "उद्या बँकेत माझ्याबरोबर येतेस?", "माझा अर्ज एकदा वाचशील?", "बाबांचं ऑपरेशन आहे, तू थोडा वेळ थांबशील?", तेव्हा तो तुम्हाला अशा जागी बसवतो आहे जिथे त्याने आजवर कोणाला बसवलेलं नसतं. मागणी किती मोठी याला अर्थ नाही. साडीचा रंग निवडण्याइतकी छोटीही चालते.

याच्याच शेजारची खूण म्हणजे थकवा. चारचौघांत तो कायम हसतमुख. पाहुणे आले, मंडळाची मीटिंग झाली, बहिणीचं लग्न लागलं, हा पळतोच आहे. सगळं आवरल्यावर तो तुमच्या शेजारी येऊन भिंतीला टेकून बसतो आणि दहा मिनिटं काहीच बोलत नाही. किंवा रात्री साडेअकराला मेसेज येतो, "आज फार दमलो गं." लोकांना हा मेसेज रुक्ष वाटतो. मला विचाराल तर या स्वभावाच्या माणसाकडून येणारा हा सगळ्यात प्रेमळ मेसेज आहे.

मग बघा, तो तुम्हाला ग्रुपमधून बाहेर काढतो का. असा माणूस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन असतोच. रविवारी सकाळी मिसळीला जायचंय हे ग्रुपवर टाकून तो मोकळा होऊ शकतो. तरी तुम्हाला वेगळा मेसेज येतो, "तू येतेयस ना? नसशील तर पुढच्या रविवारी ठेवू." ग्रुपवर सगळ्यांचे फोटो पडतात, तुम्हाला त्यातला एक वेगळा येतो, ज्यात तुम्ही कोणाकडे तरी बघून हसताय आणि फोटो काढल्याचं तुम्हाला कळलेलंही नाही. सगळे निघाल्यावर चहाचा आणखी एक कप मागवला जातो. या माणसांना गर्दी आवडते, त्यामुळे गर्दी सोडून एका माणसाबरोबर बसणं ही त्यांच्या लेखी मोठी निवड असते.

तपशिलांची स्मरणशक्ती ही त्यांची दुसरी ताकद. पण इथेही गाळणी लावा. वाढदिवस, अ‍ॅलर्जी, चहात साखर किती, हे त्यांना सगळ्यांचं पाठ असतं. तुमच्या बाबतीत वेगळं हे असतं की तुम्ही महत्त्वाचं म्हणून न सांगितलेलंही त्यांना आठवतं. मार्चमध्ये तुम्ही सहज म्हणाला होतात की लहानपणी आजीकडे रत्नांग्रीला फणसाच्या आठळ्या भाजून खायचो. मे महिन्यात कोणीतरी कोकणातून येतं आणि तुमच्या टेबलावर कागदात बांधलेल्या आठळ्या येतात. मंगळवारी तुमची मुलाखत होती हे तुम्ही एकदाच बोलला होतात, तरी सोमवारी रात्री "लवकर झोप" आणि मंगळवारी दुपारी "कसं झालं?" येतं.

चिडवणंही बघा. हा माणूस कोणाला दुखवत नाही, म्हणून साधारणपणे तो कोणाची टर उडवत नाही. तो तुम्हाला चिडवायला लागला, तुमच्या बोलण्याची नक्कल करायला लागला, तुम्ही रागावलात की लगेच कासावीस होऊन "खरंच राग आला का?" विचारायला लागला, तर त्याने थोडा धोका पत्करलाय. त्याहूनही बोलकं म्हणजे तो तुमच्याशी असहमत होतो. सगळ्यांना "बरोबर आहे तुझं" म्हणणारी मुलगी तुम्हाला एकट्यात सांगते, "काल तू आईशी बोललास ते मला आवडलं नाही." नवख्याला हे ऐकून वाटतं, संपलं सगळं. तसं काही नसतं. जिथे नातं टिकायला हवंय असं वाटतं तिथेच ती हे बोलून दाखवते.

फ्लर्ट करण्याच्या पद्धतींवर कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचं काम प्रसिद्ध आहे. २०१० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाच शैली मांडल्या: देहबोलीतून आकर्षण दाखवणारी, परंपरेने चालणारी, मनापासून जवळीक साधणारी, सभ्य अंतर राखणारी आणि खेळकर. आपल्या या माणसाला मी तिसऱ्या शैलीत बसवते, चौथीची थोडी फोडणी देऊन. डोळा मारणं, खटकेबाज वाक्यं टाकणं त्याच्याकडून फारसं होत नाही. तो तुमच्या आजीबद्दल विचारतो, तुमची भीती विचारतो, आणि उत्तर ऐकताना फोन उलटा करून ठेवतो. नुसत्या खटकेबाज बोलण्यालाच फ्लर्टिंग समजणाऱ्यांना हे दिसतच नाही.

आणि गडबड! शंभर माणसांसमोर माइक घेऊन बोलणारा हा गडी तुमच्यासमोर वाक्य विसरतो. आखणीत पक्की असलेली मुलगी तुम्ही येणार म्हणून दोनदा वेळ बदलते आणि आपलंच जुनं नियोजन विसरते. सरावलेल्या वागण्यात पडलेली ही चीर सहसा खोटी नसते.

घराबद्दल थोडं सावधपणे. 'त्याने मला गणपतीला घरी बोलावलं' ही खूण मानू नका. अशा घरात गणपतीला दीडशे माणसं येऊन जातात. बोलावल्यावर काय होतं ते बघा. सगळ्यांना प्रसाद देऊन निरोप दिला जातो आणि तुम्हाला "आरतीपर्यंत थांब ना" म्हटलं जातं का? आई तुम्हाला बघून "अगं, तीच ना तू, आठळ्यावाली?" म्हणते का? तुम्ही भेटायच्या आधी तुमचं नाव त्या घरात पोचलेलं असेल, तर ते कोणीतरी पोचवलंय. या स्वभावाच्या माणसासाठी घर आणि प्रेम हे वेगवेगळे कप्पे नसतात. तो तुम्हाला मनात घेतो तेव्हा आई, ताई, भाचरं सगळ्यांसकट घेतो. हे तुम्हाला जड वाटणार असेल तर ते स्वतःशी आत्ताच कबूल करा.

परदेशात असाल तर खुणा थोड्या बदलतात. न्यू जर्सीतला मुलगा पुण्यातल्या मुलीला रोज तिच्या रात्री दहाला फोन करतो, म्हणजे त्याच्याकडे दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात साडेअकरा. कामाच्या दिवसाचा मध्य. तिची झोप मोडू नये म्हणून स्वतःचा दिवस वाकवणं, हीच त्याची भाषा.

पायरी ४ : तुमच्याकडून काय हवं

खुणा पटल्या आणि तुम्हालाही तो आवडतो आहे असं गृहीत धरते. आता पाळी तुमची, आणि इथे थंडपणा अजिबात चालत नाही. 'भाव खाल्ला की मागे लागतात' हा सल्ला या स्वभावाला लावू नका. दोन मेसेजना उत्तर आलं नाही की तो निष्कर्ष काढतो की आपण त्रास देतोय, आणि सभ्यपणे मागे सरतो. पुन्हा पुढे येत नाही.

आभार मानताना नेमकं बोला. "थँक्यू हां" त्याला दिवसात वीस वेळा ऐकू येतं. "काल तू डब्यात लिंबाची फोड वेगळी बांधून दिलीस, पोहे ओले झाले नाहीत, खूप बरं वाटलं" हे त्याला वर्षभर पुरतं, कारण तो ज्या बारकाव्यात जीव ओततो तो बारकावा कोणाला दिसत नाही.

त्याची आनंदाची बातमी मोठी करा. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं दिसलं की जोडीदार आपल्या चांगल्या बातमीला उत्साहाने, प्रश्न विचारत प्रतिसाद देतो तिथे नात्यातलं समाधान आणि जवळीक जास्त असते. "अरे वा" म्हणून फोनकडे वळणं आणि "कधी कळलं? आईला सांगितलंस? ती काय म्हणाली?" यातला फरक. लाघवी माणूस तुमच्या बातमीला नेहमी असा प्रतिसाद देतो, त्याला मात्र तो क्वचित मिळतो.

त्याच्यासाठी काही करा आणि त्याला ते करू द्यायला लावा. हे सोपं नाही. तुम्ही ताट वाढायला उठलात की तो उठतो. तुम्ही बिल द्यायला गेलात तर त्याने आधीच दिलेलं असतं. हात धरून बसवा, "आज मी" म्हणा, आणि तो अवघडला तरी माघार घेऊ नका. पहिल्या काही वेळा तो खरंच अस्वस्थ होईल.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. चारचौघांत त्याच्या काळजीची थट्टा करू नका. "आला आमचा काकूबाई" असं कोणी म्हटलं आणि तुम्ही हसलात, तर तो वरवर हसेल आणि घरी जाऊन रात्रभर तेच आठवेल. मत्सर जागवून परीक्षा घेणंही नको. तो भांडणार नाही, तुमच्या सुखासाठी बाजूला होईल आणि तुम्हाला वाटेल त्याला काहीच वाटत नव्हतं.

पायरी ५ : विचारा

खुणा कितीही जुळल्या तरी त्या खुणाच. कधीतरी विचारावं लागतं.

ग्रुपसमोर विचारू नका, त्याच्या वाढदिवसाला तर नकोच, सगळ्या मित्रांना सामील करून सरप्राइजही नको. या माणसाला लोकांसमोर कोणाला नाही म्हणता येत नाही. समोरच्याचा अपमान होऊ नये म्हणून तो हो म्हणून बसेल, आणि तुम्हाला ते खरं वाटेल. दोन मुलं किंवा दोन मुली असाल तर आणखी जपून, कारण त्याने घरी काय सांगितलंय हे त्याचं त्यालाच माहीत असतं. चालता चालता विचारा. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे खरं बोलणं सोपं जातं.

शब्द साधे ठेवा: "तू सगळ्यांचं करतोस ते मला माहीत आहे. माझ्या बाबतीत त्यात काही वेगळं आहे का, एवढं मला जाणून घ्यायचंय. मला तू आवडतोस. नसेल तर आपली मैत्री आहे तशीच आहे, आणि तुला आत्ता उत्तर द्यायची गरज नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. दाराची कडी काढून ठेवलेली दिसली तरच हा माणूस मोकळेपणाने आत येतो किंवा बाहेर जातो.

उत्तर कसं वाचायचं? त्याचा हो स्पष्ट असतो, बहुतेक वेळा सुटकेच्या श्वासासकट येतो, आणि दुसऱ्याच दिवसापासून तो पुढच्या तीन महिन्यांची आखणी सुरू करतो. नकार मात्र कापसात गुंडाळून येतो. "बघू", "आत्ता घरचं खूप चाललंय", "तू खूप चांगला आहेस रे". या वाक्यांना नकार समजा. त्यातून आशेचे धागे ओढत बसू नका, आणि ती पुढेही गोड वागली म्हणून पुन्हा विचारू नका. गोड वागणं हा तिचा स्वभाव आहे, हे पायरी दोनमध्येच आपण पाहिलं. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि ऑफिसातल्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. पण कायद्याच्याही आधी, जिने तुम्हाला दुखवू नये म्हणून शब्द मऊ केले तिला त्या मऊपणाची शिक्षा देऊ नका.

पायरी ६ : तुम्ही स्वतःच असे असाल तर

इथपर्यंत वाचताना काहींना वाटलं असेल की हे माझ्याबद्दल चाललंय. तुमच्यासाठी थोडं वेगळं.

तुम्हाला कोणी आवडलं की तुम्ही आणखी करायला लागता. आणखी डबे, आणखी मदत, आणखी आठवण ठेवणं. समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण कालही तुम्ही करतच होतात. माझा नवरा नंतर म्हणाला, "मी दोन वर्षं तुला सांगतच होतो." मला एकही शब्द ऐकू आला नव्हता. त्याने सगळं भातातून, पेढ्यांतून, पावसात आणून दिलेल्या छत्रीतून सांगितलं होतं, आणि तेच सगळं तो इतर वीस जणांनाही देत होता. म्हणून करणं वाढवू नका. तेवढंच ठेवा आणि त्याच्यासोबत एक वाक्य द्या. "हे फक्त तुझ्यासाठी आणलंय." 'फक्त' या शब्दाची भीती वाटते, मला कल्पना आहे. तरी तो उच्चारा.

सगळ्या मैत्रिणींना विचारून निर्णय घेण्याची सवयही थोडी आवरा. चार जणींची चार मतं आली की तुमचं स्वतःचं मत त्या गलक्यात हरवतं. एक संध्याकाळ कोणालाही फोन न करता काढा, आणि वहीत लिहा की हा माणूस शेजारी असताना तुम्हाला काय वाटतं. लोकांना तो कसा वाटतो ते नंतर.

मनात हिशोब साचू देऊ नका. न मागता खूप दिलं जातं, मग एक दिवस त्याने तुमची परीक्षा होती हे विसरल्यावर सगळं एकदम बाहेर येतं, "मी तुझ्यासाठी किती केलं!" त्या बिचाऱ्याला आपल्या नावावर खातं उघडलंय हेच माहीत नसतं. काही हवं असेल तर छोटं असतानाच मागा. "शनिवारी माझ्याबरोबर दवाखान्यात येशील?" एवढंच. तो आला, तर तुम्हाला खूप काही कळेल. नाही आला तरीही कळेल.

बोलायला जमत नसेल तर मेसेज चालतो, पण त्यात सुविचार नको, गुलाबाचं चित्र नको, 'जस्ट गंमत' अशी पळवाट नको. असं काहीतरी लिहा: "मी सगळ्यांशी चांगलीच वागते, त्यामुळे तुला कदाचित कळलं नसेल. तू मला वेगळा आवडतोस. रविवारी फक्त आपण दोघं भेटूया का?"

पाठवल्यावर "सॉरी हां, उगाच बोलले" असा दुसरा मेसेज पाठवू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याला उत्तर द्यायला वेळ द्या.